वाकडी जळतेय, बॉस!

जुलै 2022. शुक्रवारची रात्र. लोअर परळमध्ये बॉसच्या फ्लॅटची गच्ची. टीमनं वर्षातलं सगळ्यात मोठं डील क्लोज केलेलं, त्यामुळे बॉस सॉलिड खुशीत. त्यानं आतून एक लाकडी पेटी आणली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक सिगार ठेवली. समोर क्लायंटकडची दोन मंडळी. मी आयुष्यात पहिल्यांदाच सिगार हातात धरत होतो, पण चेहरा असा, की जणू रोज संध्याकाळी चहाबरोबर हेच चालतं.

पहिली पाच मिनिटं हिरोगिरीत गेली. मग लक्षात आलं, काहीतरी गडबड आहे. बाकीच्यांच्या सिगारला टोकाशी राखेची छान गोल टोपी. माझी मात्र एका बाजूनं सुसाट सुटलेली आणि दुसऱ्या बाजूचं पान जसंच्या तसं. टोक दिसत होतं तिरक्या कापलेल्या भेंडीसारखं. घाबरून मी जोरजोरात झुरके मारले. ती आणखी वाकडी झाली. शेजारचा कलीग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ''एका बाजूनं जळतेय म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, बॉस!'' सगळे हसले. क्लायंटही हसला. मीही हसलो आणि संधी मिळताच ती सिगार तुळशीच्या शेजारच्या कुंडीत खुपसून मोकळा झालो.

आता खरं सांगायचं तर यात लाज वाटण्यासारखं काय होतं? पण तुम्हीही ऑफिसात काम करता, तुम्हाला कळेल. डील पाच महिन्यांचं असतं आणि इज्जत पाच मिनिटांत जाते. घरी येताना ठरवलं, हा फंडा एकदा क्लिअर करायचाच.

मग मी कामाला लागलो. जे लोक एमबीए एंट्रन्सच्या तयारीलाही इतकं वाचत नाहीत, त्यातला मी एक. पण सिगार या विषयावर मी महिनाभर पिसाटासारखं वाचलं. त्यातलं पहिलं ज्ञान: सिगार म्हणजे काही फार परकी गोष्ट नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत तिला 'चिरूट' म्हणायचे. तो शब्द मुळात तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला, म्हणजे गुंडाळलेलं. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळात एवढे प्रसिद्ध होते, की शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कथेत, 1887 साली, तो नुसत्या राखेवरून खुनी त्रिचनापल्ली चिरूट ओढतो हे ओळखतो.

दुसरं ज्ञान: वाकड्या जळण्याला रीतसर नाव आहे. एक बाजू पुढे पळाली आणि दुसरी मागे राहिली, तर टोकाला होडीसारखा आकार येतो, म्हणून त्याला 'कनूइंग' म्हणतात. आतला तंबाखू जळत पुढे गेला आणि वरचं पान मागे राहिलं, तर ते 'टनेलिंग', म्हणजे बोगदा.

आणि कारणं? सिगारमध्ये तीन थर असतात. आतला भरणा, तो बांधून ठेवणारं पान आणि सगळ्यात वर गुंडाळलेलं देखणं पान. भरण्यातही सगळी पानं सारखी नसतात. झाडाच्या वरच्या भागातली पानं जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारी. त्यांना लिहेरो म्हणतात. खालची पानं पातळ आणि पटकन पेटणारी. वळणारा कारागीर ही कडक पानं बरोबर मध्यभागी ठेवतो. ती जरा एका बाजूला सरकली, की त्या बाजूला सिगार मागे पडते. वरच्या पानाला जाड शीर असली, तरी तोच प्रकार.

पण सगळं खापर कारागिरावर फोडता येत नाही. ओढणाराही तितकाच दोषी असतो. पेटवताना घाई केली आणि तोंडाचा अर्धाच भाग पेटला, तर गाडी पहिल्यापासूनच तिरकी जाणार. वाऱ्यात उभं राहिलं तर तेच. भसाभस झुरके मारले तर सिगार तापते आणि जी बाजू पुढे आहे ती आणखी पुढे पळते. त्या रात्री गच्चीवर मी या तिन्ही चुका लागोपाठ केल्या होत्या.

उपायही सोपे आहेत. पेटवताना ज्योत टोकाला टेकवायची नाही, थोडी खाली धरायची आणि सिगार फिरवत फिरवत आधी कडा शेकून घ्यायची. पेटल्यावर टोकावर हलकी फुंकर मारून निखारा सगळीकडे सारखा आहे का ते बघायचं. मिनिटाला साधारण एक झुरका, जास्त नाही. राख सारखी झटकायची नाही, ती निखाऱ्याला पांघरुणासारखी असते. जळणं वाकडं झालंच, तर मागे पडलेली बाजू खाली करून धरायची, कारण खालच्या अंगाला ताजी हवा जास्त मिळते असं जुने शौकीन सांगतात. तरी नाही जमलं तर लायटरची ज्योत मागच्या बाजूच्या पानाजवळ नेऊन ते तेवढंच जाळायचं. आणि सगळ्यात आधी करायचा उपाय म्हणजे काहीही न करणं. थोडा वाकडेपणा दोन-चार मिनिटं शांत ठेवली, तर आपोआप सरळ होतो.

एवढं ज्ञान घेऊन मी दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून तीन सिगार आणल्या. एकेक दीड हजाराची. हो, दीड हजार. तेव्हा पगारवाढ नुकतीच झाली होती, मला काही बोलू नका.

त्यातली पहिली घरी बाल्कनीत पेटवली. पद्धतशीर, सगळे नियम पाळून. आणि च्यायला, तीही वाकडी! उपाय सगळे झाले, पण अर्ध्यावर तिनं हार मानली. मग मात्र माझं डोकं फिरलं. उरलेला तुकडा पिशवीत घालून मी थेट दुकानात गेलो आणि ज्या आवाजात आपण मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरशी बोलतो, त्या आवाजात बोललो. दीड हजार घेता आणि वळणाऱ्याला नीट वळता येत नाही? दुकानदार बिचारा सज्जन. ''रोलरची चूक असणार, सर,'' असं म्हणत त्यानं मला दुसरी सिगार फुकट दिली. मी विजयी मुद्रेनं बाहेर पडलो. कन्झ्युमर राइट्स, यू नो.

त्या वर्षी 15 ऑगस्ट सोमवारी आला होता. लाँग वीकएंड. मी सिन्नरला आजीकडे जायचं ठरवलं. नाशिक रोडपर्यंत ट्रेन, पुढे एसटी. निघताना ती बदलून मिळालेली सिगार शर्टाच्या खिशात टाकली. निवांत बसून ओढू, असा प्लॅन. नाशिक रोडला उतरलो तर धो-धो पाऊस. बस मिळेपर्यंत अर्धा भिजलो.

आता आजीसमोर सिगार ओढायची म्हणजे काही शक्य नव्हतं. एकोणतीस वर्षांचा घोडा झालो असलो तरी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आडवी झाल्यावर मी मागच्या पडवीत गेलो, पायरीवर बसलो आणि नियमानुसार सिगार शेकून पेटवली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आणि परत तेच! एक बाजू बोटभर पुढे.

''काय रे, चोरून ओढतोस होय? मला काय वास कळत नाही?''

मागे आजी उभी. माझी अवस्था काय झाली ते विचारू नका. सिगार पाठीमागे लपवावी की विझवावी, या गोंधळात मी दोन्ही केलं नाही. आजी हळूहळू पायरीवर येऊन बसली आणि हात पुढे केला. ''दाव इकडं.''

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझी आजी विडी कामगार. सिन्नर हे विड्यांचं गाव. एके काळी इथल्या गल्ल्यागल्ल्यांत, दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. आजी चौदाव्या वर्षी वळायला बसली ती 1996 साली उठली. चाळीस वर्षं. दिवसाला सातशे-आठशे विड्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी मी तिच्याशेजारी बसून तेंदूच्या पानांची उरलेली कातरणं खेळायला घ्यायचो. पण सिगार आणि विडी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एका खोलीत आल्याच नव्हत्या. एक लोअर परळला राहायची आणि एक सिन्नरला.

आजीनं सिगार घेतली. तोंडात नाही, बोटांत. ती ओढत नाही, कधीच ओढली नाही. डोळे मिटले आणि अंगठ्यानं सिगार हळूहळू फिरवत दाबून पाहू लागली. एखादी बाई बाजारात वांगी बघते तशी.

''भरताड बरोबर हाय,'' ती म्हणाली. ''गाठ नाही कुठं. हात चांगला हाय वळणारीचा.''

''मग वाकडी का जळते?''

''ही बाजू बघ. मऊ लागते. ती बाजू कडक. हे वळणारीचं काम नाही, हे पाणी हाय. कुठं ठिवली होती?''

मी गप्प. खिसा. पाऊस. नाशिक रोड. वल्ली बाजू मागे राहणार आणि कोरडी पळत सुटणार, यात रॉकेट सायन्स काय होतं? सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते, पावसाळ्यात आपल्याकडे हवाच त्याच्या कितीतरी वर असते, म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवायची, हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, एवढंच. आणि पहिली सिगार? ती तर घरी आणल्यावर आठवडाभर टेबलावर पडली होती. खिडकीत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात.

आजीनं जिभेवर बोट ओलं केलं आणि पुढे पळणाऱ्या बाजूच्या निखाऱ्याच्या अगदी मागे, पानावर, ओझरतं फिरवलं. चर्र झालं. सिगार परत माझ्या हातात दिली. ''आता दम धर. ओढू नको एवढ्यात.''

मी दम धरला. तीन-चार मिनिटांत मागची बाजू हळूहळू पुढे आली आणि गोल, एकसारखी कडा तयार झाली. दीड हजाराच्या सिगारवर महिनाभर रिसर्च करून जे मला जमलं नव्हतं, ते आजीनं थुंकीच्या बोटानं केलं.

मग ती बोलायला लागली. संध्याकाळी पानं भिजत घालायची. सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कातरीनं मापात कापायची. पानाच्या शिरा कशा बघायच्या. चिमटीत तंबाखू किती घ्यायचा. तंबाखू एका अंगाला जास्त पडला की विडी वाकडी जळणार. मी तिला क्यूबाच्या कारखान्यांबद्दल सांगितलं. तिथं कारागीर सिगार वळत असताना समोर उंचावर बसून एक जण त्यांना पेपर आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवतो, ही पद्धत हवानात 1865 सालापासूनची. आजीला ते फार आवडलं. ''आमच्याकडं रेडिओ असायचा,'' ती म्हणाली. ''कामगार सभा. गाणी लागली की हात आपोआप चालायचा.''

मग अचानक म्हणाली, ''एका पावसाळ्यात माझी सगळी थप्पी छाट केली होती.''

छाट म्हणजे रिजेक्ट. संध्याकाळी विड्या मोजून द्यायला गेलं, की तिथला माणूस जुड्या उघडून बघायचा. ज्या पसंत पडायच्या नाहीत त्या बाजूला. त्यांची मजुरी नाही. ''पान त्यांनीच दिलेलं. सादळलेलं, भोकं पडलेलं. मी म्हटलं, बाबा, पान तुमचंच हाय. तो म्हणाला, वळणारी तू हायस ना? दोन दिवसांचं काम गेलं. तुझी आई तेव्हा तापानं पडली होती.''

मी काही बोललो नाही. सिगार हातात सरळ जळत होती.

''ही केवढ्याला?'' आजीनं विचारलं.

''दीडशे रुपये,'' मी म्हणालो. का, कोण जाणे. तोंडातून आलं.

''अगं बाई, दीडशे!'' ती म्हणाली. मग जरा वेळानं, ''आणि वाकडी जळली तर गिऱ्हाइक काय करतं रे? परत देतं?''

''हो. बदलून मिळते.''

''मग जिनं वळली, तिचे पैसे कापत असतील का?''

याचं उत्तर मला देता आलं नाही. दुकानदार त्या तुकड्याचं पुढे काय करतो, मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मी माझी नवी सिगार घेऊन बाहेर पडलो होतो.

तेवढ्यात आजीला खोकला आला. तिचा तो ठरलेला, लांबणारा खोकला. मी सिगार विझवली. चाळीस वर्षं तंबाखूची धूळ नाकातोंडात गेलेल्या माणसाशेजारी बसून आपण हौसेनं धूर करतोय, हे कळायला मला तो खोकला ऐकावा लागला. पाणी पिऊन झाल्यावर ती एवढंच म्हणाली, ''आम्ही पोटासाठी तंबाखूत बसलो. तू कशापायी बसतोस?''

तर वाचकहो, एक गोष्ट इथंच क्लिअर करतो. हा लेख वाचून कुणी सिगार हातात घेऊ नका. धूर छातीत ओढत नाही म्हणजे सेफ, हा ऑफिसातल्या पार्ट्यांमधला सगळ्यात लाडका गैरसमज आहे. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शरीरात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंडाचा, घशाचा कॅन्सर काही तुमचा ब्रँड विचारून येत नाही.

मुंबईला परतल्यावर मी त्या दुकानात गेलो. दुकानदाराच्या चेहऱ्यावर 'आता काय झालं' असा भाव. मी म्हणालो, ''त्या दिवशीच्या सिगारमध्ये काही दोष नव्हता. मी ती आठवडाभर खिडकीत ठेवली होती. तिचे पैसे घ्या.'' तो आधी गोंधळला, मग हसला. ''सर, वीस वर्षं दुकान चालवतोय. हे सांगायला आजवर कुणी आलं नाही.'' पैसे घेतले त्यानं. ते काही त्या लांबच्या कारागिरापर्यंत पोचणार नाहीत, हे मलाही कळतं. पण निदान दोष ज्याचा होता त्याच्या नावावर लागला.

दिवाळीत आजीला खरी किंमत सांगून टाकली. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं बोटांवर हिशेब केला. शेवटी शेवटी तिला दिवसाकाठी तीस-पस्तीस रुपये पडायचे. ''दीड महिना,'' ती म्हणाली. आणि करंज्या तळायला उठली. तेवढंच.

त्यानंतर मी सिगार सोडली. यात फार मोठेपणा नाही, महिनाभराचीच तर हौस होती. पण एक सवय मात्र लागली. गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलानं क्लायंटचं प्रेझेंटेशन पार वाकडं केलं. अर्धे आकडे एका वर्षाचे, अर्धे दुसऱ्या. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं, तोंड उघडलं, आणि थांबलो. आधी माझा मेल उघडून पाहिला. रात्री अकरा वाजता पाठवलेल्या दोन ओळी. सोबत जोडलेली फाइल जुनी, मीच जोडलेली. म्हणजे पान माझंच होतं, आणि सादळलेलं होतं. त्याची थप्पी छाट करायचा मला काय अधिकार? दोघांनी बसून रात्री नऊपर्यंत ते सरळ केलं. क्लायंटला कळलंही नाही.

उरलेली एक सिगार अजून कपाटात आहे. हवाबंद डब्यात, नीट. फेकवत नाही. कुणीतरी चांगल्या हातानं वळलेली आहे ती, भरताड बरोबर असणार, गाठ नसणार. अधूनमधून डबा उघडला की तो वास येतो, आणि मग मी सिन्नरला फोन लावतो.

''आत्ताच तुझी आठवण काढत होते,'' आजी म्हणते. दर वेळी म्हणते.